मागच्या चाकाची जबाबदारी

विचिटा, कॅन्सस
एप्रिल

प्रिय बाळा,


शनिवारी तू एम्पोरियाच्या गटाबरोबर पहिल्यांदा फ्लिंट हिल्समध्ये सायकल घेऊन जाणार. ‘मावशी, मी त्यांच्या वेगाला पुरी पडेन ना?’ असं फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

वेगाचा विचार आत्ता नको. वसंतातल्या या राइड सरावासाठी असतात. हिवाळाभर घरात ट्रेनरवर पेडल मारून पाय तयार होतात, पण चार माणसांत सायकल चालवणं बाहेरच शिकावं लागतं. आपल्या मागे कुणीतरी आपल्या भरवशावर येतं आहे, ही जाण अंगी बाणणं हा माझ्या मते या राइडचा खरा सराव.

सुरुवात डांबरी रस्त्यावर होईल. वसंतात इथे दक्षिणेचा वारा जोराचा असतो आणि अडवायला झाडं फारशी नसतात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की बरीच ताकद वाचते, म्हणून सगळे एकमेकांच्या जवळ चालतात. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला मात्र जाऊ देऊ नकोस. तो जरासा सरकला तरी तू पडशील आणि तुझ्यावर मागचे. पुढे राहायची पाळी आली की वेग वाढवायचा मोह होतो. तो आवर. होता तोच वेग ठेव, थोड्या वेळाने बाजूला हो आणि मागे जा. खड्डा दिसला की हाताने दाखव. मागून गाडी आली की ‘कार बॅक’ अशी हाक पुढपर्यंत पोचव.

खडी लागली की पुढच्या सायकलीपासूनचं अंतर वाढव. दोन सायकलींइतकी जागा सोड, म्हणजे समोरची जमीन दिसेल. गाड्यांनी दाबलेल्या चाकोरीतून चाल आणि मधल्या सैल खडीतून ती बदलायची असेल तर सावकाश बदल. कोपर सैल ठेव, पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस. तुला सिंहगडच्या घाटाची सवय आहे. इथले चढ त्या मानाने आखूड, पण एकामागून एक येतात. खडीवर चढताना सीटवर बसून राहा. उभी राहिलीस की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. टायरमध्ये हवा खडीच्या हिशेबाने भर. रुंद टायर डांबरावर फारसा अडत नाही.

या खडीत चकमकीचा धारदार दगड असतो, टायरची बाजू कापणारा. जादा ट्यूब आणि पंप विसरू नकोस. पण त्या दगडाचे उपकारही मोठे आहेत. चुनखडीतल्या या चकमकीमुळे इथे नांगर चालला नाही, म्हणून उंच गवताची प्रेअरी टिकली. एके काळी कॅनडापासून टेक्सासपर्यंत पसरलेल्या या माळाचा आज चार टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे आणि त्यातला बराचसा याच फ्लिंट हिल्समध्ये आहे. एप्रिलमध्ये पशुपालक जुनं गवत जाळतात, म्हणजे गुरांना कोवळा चारा मिळतो आणि झाडोरा माजत नाही. काळ्या माळावर हिरवे कोंब दिसले तर नीट बघून घे. रस्त्यावर धूर असेल तर मात्र गटाला थांबव. धुरात मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसणार नाही.

पावसानंतर मातीच्या रस्त्यांवर चिखल चाकात गच्च बसतो. २०२३ च्या अनबाउंड शर्यतीत कित्येकांना सायकल उचलून चालावं लागलं. अशा वेळी आधीच उतर. जोर लावशील तर डिरेलर मोडेल. ही शर्यत २००६ मध्ये एम्पोरियातून ३४ जणांनिशी सुरू झाली, आता हजारो लोक येतात. पुढेमागे तूही उतरशील. २०० मैलांच्या त्या वाटेवर वारा वाटून घेणारी माणसं लागतात, आणि ती अशा शनिवारीच जोडली जातात.

खिशात खजूर-शेंगदाण्याचे लाडू ठेव, भूक लागण्याआधी खा, आणि एखादा जास्तीचा असू दे. प्रत्येक वळणावर शेवटचा माणूस येईपर्यंत थांब. तो आल्या आल्या निघू नका. तुम्ही विश्रांती घेतलेली असते, त्याची व्हायची असते. वेग उन्हाळ्यापर्यंत येईलच. पण तुझ्या मागे निर्धास्त चालता येतं, असं गटाला वाटलं पाहिजे. ते शनिवारपासूनच तुझ्या हातात आहे.

तुझी,
मावशी