खिडकीबाहेरील बाटली

व्यसनी माणसाचें चित्र पाहून डोळे पुसणें निराळें आणि त्या चित्रांत आपलें घर ओळखणें निराळें. पहिलें आम्हांला तरुणपणींच साधलें होतें. दुसरें साधावयास फार वर्षें लागलीं.

आमचे थोरले बंधू कुर्डुवाडीस रेल्वेच्या नोकरींत होते. १८९७ सालीं बार्शीची छोटी गाडी येथून सुटूं लागली, तेव्हांपासून या गांवाचें घड्याळ गाड्यांवर चालत आलें आहे. आमच्या घरचें घड्याळ मात्र दादांच्या पावलांवर चाले. ओसरीवर पाऊल नीट वाजलें, तर मुलें गोष्ट ऐकावयास धांवत. अडखळलें, तर वह्या घेऊन शेजारीं जात. याला आम्ही ‘दादांचा स्वभाव’ म्हणत असूं. ‘दारू’ हा शब्द घरांत उच्चारला जात नसे.

आणि तरीही दारूवरील नाटकें व चित्रपट यांचे आम्ही मोठे भोक्ते होतों! गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें तें १९१९ सालीं, त्यांच्या निधनानंतर. पुढें कित्येक दशकें घरोघर सिंधूसाठीं अश्रू गाळले गेले, आमच्या घरींही. बिमल रॉय यांचा १९५५ चा ‘देवदास’ तर दादांचा जीव कीं प्राण. दिलीपकुमार आगगाडींत बसून दिशाहीन हिंडूं लागला कीं दादा सद्गदित होत, आणि आम्हीही त्यांच्याकडे किंचित् आदरानें पाहत असूं. प्रेमभंग, एकांत, रात्रीची गाडी. दारूला एवढें काव्य लाभल्यावर तिला रोग कोण म्हणणार? सुधाकराला सनद गेल्याचें दुःख, देवदासाला पारो गेल्याचें. दोघांच्याही पिण्याला कारण आहे आणि दोघांचाही शेवट मृत्यूंत आहे. दादांना असें कारण नव्हतें, आणि शेवटही दिसत नव्हता. सबब ते व्यसनी नव्हेत, असें आमचें सोयीचें तर्कशास्त्र होतें.

दादा गेल्यानंतर कांहीं वर्षांनीं पुतण्यानें एकदां बिली वाइल्डर यांचा ‘द लॉस्ट वीकेंड’ हा १९४५ चा इंग्रजी चित्रपट घरीं लावला. आरंभींच न्यूयॉर्कमधील एक खिडकी दिसते, आणि तिच्याबाहेर दोरीनें लोंबत ठेवलेली बाटली. आंत प्रवासाची बांधाबांध चालली आहे. नायक डॉन बर्नम भावाशीं गोड बोलतो आहे, आणि चित्त सगळें त्या दोरीकडे. वहिनींना इंग्रजी येत नाहीं. त्या हळूच म्हणाल्या, “भावोजी, ज्वारीची कणगी!”

दादांची बाटली कणगींत असे, हें त्यांना ठाऊक होतें. आम्हांलाही होतें. परंतु इतक्या वर्षांत तो शब्द प्रथमच उच्चारला गेला.

आम्हांला वर्मीं लागलें तें पुढेंच. नायकाच्या प्रेयसीसमोर बाटली उघडकीस येतांच, ती आपलीच आहे असें त्याचा भाऊ सांगून टाकतो. दादांच्या नांवें जाणारे ‘ताप आला आहे’ असे रजेचे अर्ज आमच्या हस्ताक्षरांत असत. उधारीही आम्हीच फेडीत असूं. तें बंधुप्रेम नव्हतें असें आजही म्हणवत नाहीं; पण त्या प्रेमानेंच दादांच्या पिण्याला रोज एक दिवस वाढवून मिळत गेला.

एका आषाढीस दादांनीं पंढरपुरास जाऊन माळ घातली. तिसऱ्या रात्रीं हात थरथरूं लागले. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते म्हणून ते ओरडूं लागले. आम्ही बाधा समजलों. चित्रपटांतील नायकाला भिंतींतून निघणारा उंदीर व त्यावर झडप घालणारें वटवाघूळ दिसतें, तेव्हां उलगडा झाला. वर्षानुवर्षें फार पिणाऱ्यानें एकाएकीं सोडल्यास कंप, भास, झटके येऊं शकतात, प्रसंगीं प्राणावरही बेततें; म्हणून तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडावें लागतें. त्या रात्रीं दादांना शांत करण्यासाठीं कणगींतली बाटली काढून एक घोट पुढें केला, तो आम्हीं. एकच! गडकऱ्यांनीं नाटकाच्या नांवांतच सांगून ठेवलेली गोष्ट, सिंधूसाठीं रडतांना, आमच्या ध्यानांत आलीच नव्हती.

चित्रपटाचा शेवट मात्र आम्हांला पटला नाहीं. नायक मद्याच्या पेल्यांत सिगारेट टाकतो, कादंबरी लिहिण्याचा संकल्प करतो, आणि सारें सुटल्यासारखें वाटतें. एका निश्चयानें हें सुटतें, तर दादांना माळ पुरी पडली असती. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास ‘मुक्तांगण’ काढलें. तेथें पिणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही बोलतें करतात. हें आम्ही वाचलें होतें, आणि पुणें कांहीं कुर्डुवाडीहून दूर नाहीं. पण तेथें जावयाचें म्हणजे आधीं घरांत तो शब्द उच्चारावा लागला असता.

असो. असा चित्रपट लागला कीं झिंगणाऱ्याकडे सगळेच पाहतात. वाचकांनीं एकवार त्याच्या मागें उभ्या असलेल्या घरच्या माणसांकडेही पाहावें. आम्हांला तेथें आमचें हस्ताक्षर दिसलें.