दिव्यांभोवतीची कडी

हृदयविकाराच्या झटक्यानंतर माझे ठोके मधूनच बेफाम धावायचे. त्यांना आवर घालायला अमिओडॅरोनची गोळी सुरू झाली आणि ठोके सावरले. काही महिन्यांनी मात्र रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती निळसर कडी दिसू लागली. मला वाटलं, मोतीबिंदू.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी स्लिट लॅम्पखाली बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “काका, हृदयाची कुठली गोळी चालू आहे?” दोन्ही कॉर्नियांवर सोनेरी-तपकिरी रेघांचा भोवरा होता. हे औषध कॉर्नियाच्या पेशींत शिरतं, तिथल्या स्निग्ध घटकांना धरून बसतं आणि पेशीला ते पचवता येत नाही. नव्या पेशी कॉर्नियाच्या काठाकडून मध्याकडे वळत-वळत सरकतात, म्हणून रेघाही तशाच वळणाच्या. फॅब्री या आनुवंशिक आजारातही डोळ्यांत असाच भोवरा दिसतो, पण माझ्या गोळीचं नाव कळताच त्यांची शंका फिटली. दीर्घकाळ अमिओडॅरोन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्यांत हे थोडंफार होतंच.

“मग साफ करून टाका ना,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, थेंबांनी हे विरघळत नाही. वरचा थर खरवडला तरी गोळी चालू असेपर्यंत पुन्हा साचणार. नजर चांगली आहे, तेव्हा काहीच करायचं नाही. गोळी थांबली तर काही महिन्यांत आपोआप ओसरतं.

घरी आल्यावर हिचा धोशा सुरू झाला, “अहो, मग बंदच करा ती गोळी!” तिची काळजी मला कळत होती, पण हे मी ठामपणे सांगतो: दिव्याभोवतीच्या कड्याने जीव जात नाही, बेताल ठोक्यांनी जातो. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची. ही गोळी घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या दृष्टीच्या नसेला सूज येते. नजर अचानक अंधूक झाली, रंग फिके वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाईंनी हे मला दोनदा बजावलं.

त्यांची चिठ्ठी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी गोळी 200 मिलिग्रॅमवरच ठेवली, खोकला किंवा दम लागतो का ते विचारलं आणि थायरॉइड व यकृताच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. या गोळीच्या औषधात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त आयोडीन असतं, म्हणून थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. रात्री गाडी आता मुलगा चालवतो.