कसर

आई गेली त्याला गेल्या फाल्गुनात दीड वर्ष झाले. तिची पत्र्याची मोठी ट्रंक तोवर कोणी उघडली नव्हती. राजाबाजारातला जुना वाडा सोडून आम्ही समर्थनगरात राहावयास आलो, तेव्हा ती जशीच्या तशी उचलून आणली आणि माळ्यावर ठेवली. सवड मिळत नाही, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. खरे कारण असे की ती उघडण्याचे धैर्य कोणालाच होत नव्हते.

उघडावी लागली ती एका पाकोळीमुळे. गव्हाच्या भुशाच्या रंगाची, नखाएवढीही नाही, अशी एक पाकोळी सौ.च्या कपाटात दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग आपण नेहमी पाहतो. ही मात्र उजेड पाहताच कपड्यांच्या घडीत शिरायची. सौ. म्हणाली, "अहो, ही कसर आहे. माळ्यावर बघा."

कसर हा शब्द मी छत्तीस वर्षे बँकेत निराळ्या अर्थाने वापरला. संध्याकाळी रोकड जुळली नाही, दहा-वीस रुपयांची कसर निघाली, की ती सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. कापड आणि कागद खाणाऱ्या किड्यालाही आपण तेच नाव देतो, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. दोन्ही प्रकारांत नुकसान हळूहळू होते आणि आपल्या नकळत होते.

ट्रंकेत वर आईची स्वाध्यायाची पुस्तके, चष्मा आणि हिशेबाची वही होती. खाली धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळलेली तिची लग्नातली पैठणी. तळाशी वडिलांची हिमरूची शाल. ही शाल मी हातात घेतली आणि तिचा मधला भाग जाळीसारखा उघडा पडला.

हिमरू हे आपल्या शहराचे वस्त्र. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा विणकरही आले, आणि किनखापाची नक्कल म्हणून सूत व रेशीम मिळून हे कापड घडले, असे येथे सांगितले जाते. जमीन सुताची, वेलबुट्टी रेशमाची. आणि कापड उलटे केले की मागे रेशमाचे सुटे धागे लोंबताना दिसतात. अळ्यांनी नेमके तेच धागे खाल्ले होते. सूत जागच्या जागी होते, फुले तेवढी गेली होती. सर्वांत जास्त खाल्लेला भाग मानेजवळचा. वडील डोक्याला तेल लावून शाल पांघरीत. ते गेल्यावर आईने ती न धुता, आहे तशीच घडी करून ठेवली होती. का, हे आता सांगायला नको. पण घामाचा व तेलाचा अंश असलेले रेशीम आणि लोकर या अळ्यांना विशेष आवडते. स्वच्छ धुतलेल्या मलमलीतल्या पैठणीला फक्त दोन भोके पडली होती.

या प्राण्याविषयी मी नंतर वाचले. उडणारी पाकोळी कापड खातच नाही. तिला खाण्याजोगे तोंडच नसते. खाते ती अळी. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, उन्हाळ्यात ती आठवड्याभरात फुटतात, आणि अळी मात्र दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंधारात खात राहू शकते. म्हणजे पाकोळी दिसली तेव्हा काम केव्हाच सुरू झालेले असते. न्हाणीघराच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखा राखाडी, चपटा कोष चिकटलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. तो याच कुळातल्या एका भावंडाचा. आतली अळी दोन्ही टोकांतून डोके काढते आणि कोळ्याची जुनी जाळी, केस, लोकरीचे तंतू खाते. लहानपणी आम्ही त्याला माती समजून झाडूने पाडीत असू.

शालीत सात-आठ अळ्या जिवंत होत्या. अंडी किती, ते डोळ्यांना दिसणार नव्हते.

पैठणीची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आई लहान वयात लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरून ती आलेली, बंगडीमोराचा पदर. पुढे एका चातुर्मासात प्रवचनात तिने रेशीम कसे निघते ते ऐकले. कोषातला जीव पतंग होऊन बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून कोष आधीच वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घालतात. एका कोषातून सुमारे एक किलोमीटर लांब, केसाहून बारीक धागा निघतो, आणि एका साडीला असे कित्येक हजार कोष लागतात. त्या दिवसापासून आईने रेशीम सोडले. माझ्या लग्नातही ती सुती साडीत उभी राहिली आणि नातेवाइकांनी कुजबूज केली. पैठणी मात्र तिने विकलीही नाही, कोणाला दिलीही नाही. "दिली तर ती नेसणार, मग दोष माझ्याच खाती," असे ती म्हणे. पतंग बाहेर येऊ न देता विणलेले ते वस्त्र पन्नास वर्षे अंधारात राहिले, आणि शेवटी दुसऱ्या एका पतंगाच्या पिलांनी ते शोधून काढले. (हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यानंतरच्या रिकाम्या कोषांपासून धागा काढून अहिंसा रेशीम तयार केले. आईला हे कळले असते तर तिने दहा प्रश्न विचारले असते, आणि मग कदाचित एक साडी घेतली असती.)

घरात सभा भरली. सूनबाई समंजस आहे, पण तिचे बाळ तेव्हा चार महिन्यांचे होते. ती म्हणाली, "बाबा, कीडनियंत्रणवाल्यांना बोलावू. एक दिवसाचे काम आहे." सौ. म्हणाली, "आपल्या घरात आजवर ढेकूणसुद्धा मारला नाही." मुलाने मध्यम मार्ग म्हणून डांबराच्या गोळ्या सुचवल्या. त्यावर सूनबाईनेच नकार दिला, आणि तो बरोबर होता. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत नवजात बाळाला गुंडाळले, आणि त्याच्या रक्तात विशिष्ट एन्झाइमची जन्मजात कमतरता असली, तर रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्याकडे आजीच्या पेटीतले दुपटे थेट बाळाला पांघरण्याची पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. शिवाय त्या गोळ्यांनी जर काळवंडते, असे पैठणीचे व्यापारी सांगतात ते वेगळेच.

मी गप्प होतो. सर्वांना वाटले, मी धर्माचा विचार करतो आहे. मला आठवत होते ते मोंढ्यातले एक गोदाम.

१९९० च्या दशकात मी धान्य-तारणाची कर्जे पाहत असे. व्यापाऱ्याचा माल गोदामात, गोदामाला बँकेचे कुलूप, चावी माझ्याकडे. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांचा तो रोजचाच व्यवहार होता. एका भाद्रपदात तपासणीला गेलो असता ज्वारीच्या थप्पीवर पांढरी जाळी दिसली. धान्यातल्या पतंगाच्या अळ्या दाणे धाग्यांनी एकत्र बांधून आत खात बसतात, त्याची ती खूण. मी अहवालात नोंद केली आणि नियमाप्रमाणे धुरी देण्यास सांगितले. व्यापारी आपलेच धर्मबंधू. हात जोडून म्हणाले, "साहेब, पर्युषण चालू आहे. पर्व संपले की लगेच देतो." मी म्हणालो, अहवाल गेला आहे, माल बिघडला तर जबाबदारी कोणाची? दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चावी घेऊन गेलो आणि कुलूप उघडले. गड्याने थप्प्यांवर ताडपत्री ओढली, आत गोळ्या ठेवल्या, कडा मातीने लिंपल्या. हवेतला ओलावा लागला की त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि आठवड्याभरात आत काही जिवंत राहत नाही. त्या दिवशी माझे एकासन होते. मी घरी येऊन गाळलेले पाणी प्यालो.

(याच गोळ्या कोणी घरातल्या धान्याच्या कोठीत ठेवत असेल, तर कृपया आजच बंद करावे. शेजारच्या खोलीत झोपलेली मुले त्या वायूने दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. सामान्य माणसाला त्यांची विक्री करण्यास मनाई आहे, तरी त्या मिळतात.)

शास्त्रकारांनी गृहस्थाची हिंसा चार खात्यांत मांडली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिली पूर्ण सोडायची, उरलेल्या शक्य तितक्या कमी करायच्या. मी ती धुरी अनेक वर्षे उद्योगी खात्यात टाकून मोकळा झालो होतो. पण दहा दिवस थांबता आले असते. ज्वारी दहा दिवसांत संपली नसती. मला अहवाल स्वच्छ हवा होता. ही नोंद कोणत्या खात्यात जाते, हे मला छत्तीस वर्षांच्या अनुभवानंतरही ठरवता आलेले नाही.

त्या रात्री मी सौ.ला हे प्रथमच सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिवाणीचे काय करायच्या सासूबाई?"

विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेले जीव आई त्याच विहिरीत, कडीच्या बादलीने अलगद खाली सोडीत असे. वरून ओतत नसे. ज्याचे घर ते त्याला परत. नळ आल्यावर ती पद्धत आमच्याकडे मागे पडली. गुजरातेत याहून मोठी व्यवस्था होती. अहमदाबादच्या पांजरापोळात जीवातखाना नावाची स्वतंत्र खोली असे, आणि व्यापारी घराण्यांतून निवडलेल्या धान्यातले किडे, कोंड्यासह, तेथे नेऊन सोडीत. हे ऐकून परदेशी प्रवासी हसत. मीही कॉलेजात असताना हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक मातीचे मडके आणले. शालीचा खाल्लेला मधला भाग, अळ्यांसकट, कात्रीने कापून त्यात ठेवला. तोंडाला पातळ फडके बांधले आणि मडके गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत सावलीत ठेवले. उरलेल्या शालीच्या कडा आणि पैठणी आम्ही चार-पाच दिवस कोवळ्या उन्हात झटकली, मऊ ब्रशाने घडीन् घडी साफ केली. निघालेले सर्व काही त्याच मडक्यात. दुपारच्या उन्हात घातली असती तर काम एका दिवसात झाले असते, कारण आपल्याकडच्या उन्हात अंडीही टिकत नाहीत. म्हणूनच घातली नाही. तरीही काही अंडी मेली असतील. माळा पुसला, कपाटांच्या खाचांतले केस व धूळ काढली, लोकरीचे सर्व कपडे धुवून मगच ठेवले. या साफसफाईतही जीव गेले असणार, हे मी लपवीत नाही. कडुलिंबाचा पाला आणि लवंगाही ठेवल्या, पण त्यांचा उपयोग फारसा होतो असे मला वाटत नाही. खरा उपयोग होतो तो धुण्याचा आणि दर महिन्याला घडी मोडून पाहण्याचा. पैठणीची घडी अधूनमधून बदलली तर जर तुटत नाही, हाही फायदा.

एका स्वाध्यायमंडळात मी शंका विचारली. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या चढत्या क्रमाने कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी उदाहरणे येतात. मग अळी द्वींद्रिय आणि तीच पाकोळी झाली की चौरिंद्रिय धरायची का? वयोवृद्ध पंडितजी हसले. म्हणाले, "तुम्ही बँकेतले. व्याजाचा दर ठरवायचा आहे का?"

यंदा क्षमापनेच्या दिवशी मी त्या व्यापाऱ्यांकडे गेलो. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. दुकान मुलाने जाधववाडीला नेले आहे. मी गोदामाची गोष्ट काढली. त्यांना ती आठवत होती. म्हणाले, "साहेब, तुम्ही कुलूप उघडले, मी गोळ्या विकत आणल्या. ठेवल्या कोणी? गड्याने. तोंडाला नुसता पंचा बांधून. तो पुढे दोन दिवस खोकत होता. क्षमा मागायचीच तर आधी त्याची मागायला हवी." त्या गड्याचे नाव त्यांना ठाऊक होते, गाव ठाऊक नव्हते. मला नावही ठाऊक नव्हते. मुलाकडून हमालांच्या जुन्या मुकादमाचा पत्ता घेतला आहे. दिवाळीनंतर जाऊन आलो. मुकादम भेटला नाही, पुन्हा जायचे आहे.

मडके अजून गच्चीवर आहे. आषाढात फडक्याच्या आतून तीन पाकोळ्या दिसल्या. सोडाव्यात तर शेजाऱ्यांच्या कपाटात जातील, ठेवाव्यात तर तेथेच अंडी घालून आठवड्या-दोन आठवड्यांत संपतील. मी ठेवल्या. गेल्या रविवारी पाहायला गेलो तर फडके कोणीतरी सोडून पुन्हा बांधलेले दिसले. गाठ माझी नव्हती. आत शालीच्या तुकड्यावर बाळाचे लहान झालेले लोकरीचे टोपडे ठेवले होते. खाली येऊन सूनबाईला विचारले. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, शाल किती दिवस पुरणार?"