फेअरफॅक्सची दवंडी

पोटोमॅक नदीवरचा पूल ओलांडून वॉशिंग्टन मागे टाकले की व्हर्जिनिया राज्य सुरू होते आणि थोड्याच वेळात फेअरफॅक्स काउंटीची हद्द लागते. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा ना! वस्ती सुमारे साडेअकरा लाखांची. प्रवासी इथे येतो तो माउंट व्हर्नन पाहायला. जॉर्ज वॉशिंग्टनचा तो वाडा, पुढची हिरवळ, खाली संथ वाहणारी नदी, हे सारे पाहून आणि फोटो काढून तो परत फिरतो. आम्हीही ते यथासांग केले. पण आमचा मुक्काम पडला भाचीच्या घरी, आणि तोही ऐन जानेवारीत. त्यामुळे प्रवाशांच्या नजरेला सहसा न पडणारी एक गोष्ट आम्हाला पाहायला मिळाली. शाळा आणि गाव यांच्यात तिथे रात्रंदिवस चाललेले बोलणे!

अमेरिकेत शाळांचा कारभार दिल्लीसारख्या एखाद्या राजधानीतून चालत नाही. देशभर असे सुमारे तेरा हजार शाळा-जिल्हे आहेत आणि प्रत्येकाचे मंडळ निराळे. फेअरफॅक्सच्या मंडळाचे बारा सभासद १९९५ पासून लोकांच्या मतांनी निवडून येतात. सुमारे दोनशे शाळा, पावणेदोन लाखांहून अधिक मुले, दीड हजारावर पिवळ्या बसगाड्या आणि वर्षाला तीन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च, असा हा संसार आहे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या महानगरपालिकेने हेवा करावा असा! एवढ्या मोठ्या कुटुंबात निरोप पोचवायचा कसा? पूर्वी रेडिओ होता, मुलांच्या दप्तरात घातलेली चिठ्ठी होती. आता फेसबुक आहे, एक्स आहे, इन्स्टाग्राम आहे, आणि प्रत्येक आईबापाच्या खिशात फोन आहे.

या यंत्रणेची खरी कसोटी लागते ती बर्फाच्या रात्री. आम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले. भाचीचा धाकटा झोपायला निघाला तो पायजमा उलटा घालून! उशीखाली चमचाही ठेवला होता.

"अरे, हे काय?" मी विचारले.

"आजोबा, असं केलं की बर्फ पडतो आणि शाळा बंद राहते. सगळेच करतात!"

मुंबईची मुले धो धो पावसाच्या आशेने आभाळाकडे डोळे लावून बसतात, त्यातलाच हा प्रकार. जात एकच, फक्त हवामान वेगळे!

मुले स्वप्नात असतात तेव्हा शाळाखात्याची माणसे काळोखात रस्ते पाहत फिरत असतात. मुख्य रस्ता साफ असून भागत नाही. आतल्या वळणावर बस घसरेल का, पदपथावरच्या बर्फातून पोरे थांब्यापर्यंत चालत येतील का, हे सारे पाहावे लागते. काउंटीच्या एका टोकाला नुसता पाऊस, तर दुसऱ्या टोकाला वीतभर बर्फ, असेही होते. निर्णय मात्र सर्वांना एकच. शाळा बंद ठेवावी तर नोकरीवर जाणाऱ्या आईबापांची तारांबळ, आणि उघडी ठेवावी तर मुलांच्या जिवाला घोर. पहाटे पाचच्या सुमारास भाचीच्या फोनने चिवचिवाट केला. "मामा, शाळा बंद!" ती म्हणाली. पाच मिनिटांत शेजारच्या चार घरांतले दिवे लागले.

आपल्या गावचा दवंडीवाला डफ वाजवून पुढे निघून जाई. त्याला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. इथल्या दवंडीला मात्र उत्तरे येतात, आणि ती पहिल्यांदा दिली पोरांनी! २००८ च्या जानेवारीत बर्फ पडूनही शाळा चालू राहिल्या, तेव्हा एका विद्यार्थ्याने शाळाखात्याच्या बड्या अधिकाऱ्याच्या घरीच फोन केला. अधिकाऱ्याच्या पत्नीने संतापून उलट निरोप ठेवला आणि त्यात पोरांचा चांगलाच उद्धार केला. पोराने तो निरोप इंटरनेटवर टाकला आणि साऱ्या देशाने तो ऐकला. पोराचे चुकले की बाईंचे, यावर घरोघरी वाद रंगले.

पुढे ६ जानेवारी २०१५ रोजी सकाळी बर्फ कोसळत असतानाही शाळा उघड्या राहिल्या. बसगाड्या अडकल्या, मोटारी घसरल्या. 'क्लोज एफसीपीएस' म्हणजे 'फेअरफॅक्सच्या शाळा बंद करा' हा घोष मुलांनी तेव्हाच्या ट्विटरवर असा काही लावला की तो देशभर गाजला. शाळाखात्याला त्याच माध्यमातून लोकांची क्षमा मागावी लागली. सरकारी खात्याने दिवस मावळायच्या आत क्षमा मागावी, हे ऐकून मी तर चाटच पडलो!

पण बर्फ रोज पडत नाही. बोलणे रोज चालते. जेवणात आज काय आहे, कुठली बस उशिरा येणार, नाटकाचा प्रयोग कधी, हे सारे फोनवर. ज्या घरांत इंग्रजी नाही त्यांचे काय? इथल्या मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा दोनशेच्या घरात आहेत. म्हणून महत्त्वाचे निरोप स्पॅनिश, कोरियन, व्हिएतनामी, अरबी, चिनी, उर्दू, अम्हारिक आणि फारसी या भाषांतही काढतात. तरीही रात्रपाळी करून दमलेल्या बापाने फोन पाहिलाच नाही, तर त्याच्यापुरती दवंडी पिटलीच गेली नाही. ज्याच्या हाती फोन आणि सवड त्याचाच आवाज मोठा, हा या व्यवहारातला खरा धोका आहे.

म्हणूनच की काय, प्रत्यक्ष सभेचे महत्त्व इथे कमी झालेले नाही. एका संध्याकाळी जावईबापू आम्हाला ल्यूथर जॅक्सन शाळेच्या सभागृहात घेऊन गेले. मंडळ इथेच भरते. सभा इंटरनेटवर घरबसल्या दिसते, तरी माणसे येतात. आधी नाव नोंदवायचे, पाळी आली की मोजकी मिनिटे बोलायचे. कुणी बसच्या वेळेबद्दल बोलला, कुणी पुस्तकांबद्दल. घड्याळ संपले की थांबायचे. या वास्तूचा इतिहास मला नंतर कळला. १९५४ पूर्वी या काउंटीत काळ्या मुलांसाठी एकही हायस्कूल नव्हते. पुढे शिकायचे तर मनॅसस नाहीतर वॉशिंग्टन गाठावे लागे. त्या मुलांसाठी उघडलेले पहिले हायस्कूल ते हेच. ज्यांचे कुणी ऐकत नव्हते त्यांच्या शाळेत आज सारी काउंटी आपले म्हणणे मांडायला येते!

ऐकून घेण्याचा हा प्रश्न देशाच्या दुसऱ्या टोकाला थेट न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ पोवे नावाचे गाव आहे. तिथल्या शाळामंडळावर २०१४ मध्ये निवडून आलेले दोन सभासद फेसबुक आणि ट्विटरवर शाळेच्या बातम्या देत. एक पालक दांपत्य त्याखाली पुन्हा पुन्हा तीच टीका लिही. एकदा तर सुमारे दहा मिनिटांत एकच मजकूर २२६ ठिकाणी! सभासदांनी कंटाळून त्यांना दार लावून घेतले. पण ते दार घरचे की कचेरीचे? १५ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जोडखटल्यात याची कसोटी सांगितली: पदाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असेल आणि तो अधिकार वापरूनच माणूस बोलत असेल, तर ते बोलणे सरकारचे. या कसोटीवर पुन्हा पाहण्यासाठी पोवेचा खटला खाली पाठवला. मौज अशी, की २०२३ मध्ये सिअ‍ॅटलच्या शाळांनी या माध्यमांच्या कंपन्यांवरच, त्या मुलांच्या मनाला अपाय करतात म्हणून, दावा लावला. ज्या चावडीवर दवंडी पिटायची, तिथेच मुलांना जाऊ नका म्हणायचे!

आपल्याकडेही आता वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट झाले आहेत. त्यांत सूचना भरपूर येतात. पण पालकाने प्रश्न विचारला, तर उत्तर येते का? शाळा किती बोलते याची मोजदाद सोपी आहे. ती किती ऐकते, हे पाहायला वेळ द्यावा लागतो.

फेअरफॅक्सची एक गोष्ट मात्र मी आनंदाने सांगत आलो आहे. निरनिराळ्या धर्मांच्या पालकांनी आपल्या सणांना शाळेला सुट्टी मागितली. २०२१-२२ च्या कॅलेंडरात ती मिळाली नाही. वाद झाले, मने दुखावली. पण लोकांनी बोलणे सोडले नाही आणि मंडळाने ऐकणे. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरात ज्यूंचे दोन सण आले, ईद आली आणि आपली दिवाळीही आली. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पोटोमॅककाठच्या त्या दोनशे शाळांना सुट्टी होती. त्यासाठी कुणालाही पायजमा उलटा घालावा लागला नाही!