हो, नाही आणि लागेल तेव्हा

डिसेंबर २०२३ मध्ये तपोवन एक्स्प्रेसने मी सेलूला उतरलो, तेव्हा दादाला जाऊन दीड वर्ष झाले होते. पुतण्या मोटारसायकल घेऊन स्थानकावर आला होता. गावाच्या वाटेवरच त्याने विषय काढला. "काका, बाबांचा तो जुना संगणक भंगारात द्यावा म्हणतो. खोली अडली आहे. आत काही कामाचे असेल तर तुम्ही काढून घ्या."

आत काय आहे, हे मला ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळाने होरपळल्यावर आमच्या वडिलांनी एक नेम धरला होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा, पाणी किती हात आहे ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. वडिलांमागे तो नेम दादाने चालवला. वडिलांच्या वहीतले सारे आकडे त्याने एकेक करून संगणकात उतरवले होते. पुढे त्या वहीला वाळवी लागली. आता पन्नास वर्षांच्या त्या नोंदी जगात एकाच ठिकाणी होत्या, आणि ते ठिकाण भंगाराच्या वाटेवर होते.

प्रश्न केवळ आठवणीचा नव्हता. पुतण्याच्या मनात उसासाठी कर्ज काढून आणखी एक बोअर घ्यायचे होते. "पाऊसच कमी झाला, म्हणून विहीर गेली," असे तो म्हणे. दादा असता तर त्याने नोंदी पुढे ठेवल्या असत्या.

ते यंत्र म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचे अल्ट्रा ५ हे वर्कस्टेशन. १९९८ साली ते बाजारात आले. त्या काळी साधा संगणक पत्रे आणि हिशेब यांसाठी, तर वर्कस्टेशन यंत्रांची रेखाटने, नकाशे आणि मोठी गणिते यांसाठी, अशी ढोबळ वाटणी होती. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या परम १०००० या महासंगणकातही सनचेच अल्ट्रास्पार्क जातीचे प्रोसेसर होते. दादा पुण्यात एका कारखान्याच्या आरेखन विभागात होता. २००७ मध्ये तेथली जुनी यंत्रे मोडीत निघाली, तेव्हा त्याने त्यातले एक मागून घेतले आणि निवृत्तीनंतर वळकटीत गुंडाळून गावी आणले.

मी बटण दाबले. पडदा उजळला, आणि यंत्राने आपली ओळखच जुळत नसल्याची तक्रार केली. या यंत्रात एक लहान चिप असते. यंत्राचा क्रमांक, जाळ्यावरचा पत्ता, कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, आज तारीख काय, हे सारे तिच्यात साठवलेले असते. चिपच्या पोटातच बंद केलेला एक सेल ते जपतो. तो सेल साधारण दहा वर्षांनी संपतो. मग वीज गेली की यंत्र स्वतःला विसरते, आणि जाळ्यावरून कोणी हात देईल म्हणून वाट पाहत बसते.

मी हताश होऊन बसलो असता वहिनी एक शाळकरी वही घेऊन आल्या. "हे दरवेळी सुरू करताना यातले काहीतरी टाइप करत, भाऊजी." पहिल्याच पानावर दादाच्या टपोऱ्या अक्षरांत आठ-दहा ओळी होत्या. यंत्राचा क्रमांक, पत्ता, आज्ञा, सारे क्रमवार. म्हणजे कित्येक वर्षे दादा त्या यंत्राला सुरू करताना आधी त्याचे नाव सांगत होता, आणि मग कामाला बसत होता. त्याने कधी कोणाला हे सांगितले नाही. मी त्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. यंत्राने ओळख मान्य केली.

परंतु पुढे गाडी अडली. डिस्कवरची सोलारिस ही सनची मूळ प्रणाली अर्ध्यावर येऊन थांबे. डिस्कचा आवाजही बरा वाटेना. पुतण्याने ती काढून एका जोडतारेने आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला त्या डिस्कवरची लिपीच कळली नाही. ती कोरी समजून त्याने नम्रपणे विचारले, "फॉरमॅट करू का?" एका 'हो'त पन्नास वर्षे पुसली गेली असती. मी घाईने तार उपसली.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यावर ती डिस्क कदाचित वाचता आली असती. परंतु वहिनींनी एकच इच्छा सांगितली. "ते लावत तसे एकदा चालू करून दाखवा. मग खुशाल भंगारात द्या." तेव्हा ठरवले, की यंत्राला दुसरी डिस्क बसवावी, तिच्यावर लिनक्स घालावे, आणि दादाची डिस्क सीडीच्या जागी जोडून तिच्याच घरात वाचावी. नाशिकहून येताना एक जुनी डिस्क मी पिशवीत टाकलीच होती.

येथे कर्नल म्हणजे काय, हे सांगायला हवे. मी "आता कर्नल बांधावा लागेल" म्हणालो, तेव्हा वहिनींनी विचारले, "कर्नल म्हणजे मिलिटरीतला का हो?" तसा तो नव्हे, पण अगदी चुकीचेही नाही. संगणकातील सर्व प्रोग्राम एका बाजूला आणि लोखंड, तारा, चिपा दुसऱ्या बाजूला. दोहोंच्या मध्ये उभे राहून हुकूम देणारा आणि शिस्त राखणारा जो गाभ्यातला प्रोग्राम, तो कर्नल. लिनक्सचा कर्नल १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिहावयास घेतला. आज तो फोनपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र आहे. गंमत अशी, की ज्या ३८६ वर त्याचा जन्म झाला, त्यालाच २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून त्याने वगळले. वाढत्या घरात जुन्या माणसांची खाट अशीच हळूहळू ओसरीवर येते. सन कंपनीही २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध वितरणाने २०१३ च्या सातव्या आवृत्तीनंतर स्पार्क यंत्रांना अधिकृत यादीतून काढले. तरी काही स्वयंसेवक हौसेने त्यांच्यासाठी नवी आवृत्ती बांधत राहिले. तीच मी घातली.

ती चालली, पण धापा टाकत. यंत्राची मेमरी अवघी १२८ एमबी. तयार कर्नल हा कोणाचेही यंत्र असो, चालले पाहिजे अशा बेताने बांधलेला असतो. गावजेवणाचे पातेले दोघांच्या चुलीवर चढवावे तसे ते होते. उपाय एकच, या एका यंत्रापुरता कर्नल आपण बांधायचा.

बांधण्यापूर्वी निवड करायची असते. एक आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर याद्या उघडतात आणि प्रश्न सुरू होतात. तेही थोडेथोडके नव्हेत, हजारोंच्या घरात. अमुक कंपनीचे कार्ड हवे का? तमुक प्रकारची डिस्क हवी का? दूरचित्रवाणीचे ग्राहकयंत्र, खेळाची दांडी, परदेशातील एखाद्या अक्षरसंचाची सोय, हे हवे का? अनेकांना उत्तरे तीन. 'हो' म्हटले तर ती गोष्ट गाभ्यातच भरली जाते. 'नाही' म्हटले तर ती उरत नाही. तिसरे उत्तर म्हणजे 'लागेल तेव्हा'. ती वस्तू डिस्कवर वेगळी ठेवली जाते आणि गरज पडली की आत घेतली जाते. अनेक प्रश्नांखाली टीपही असते, की शंका असेल तर 'नाही' म्हणा.

मी यंत्र उघडून एकेक चिपेवरची अक्षरे भिंगाने वाचली. डिस्क सांभाळणारी सीएमडीची चिप, हो. पडद्यासाठी एटीआयची माक ६४, हो. सनचा आपल्या वेगळ्या खोबणीत बसणारा कळफलक, हो. जाळ्याच्या चिपेला सनच्या अभियंत्यांनी 'हॅपी मील' असे खाऊच्या डब्याचे नाव दिले आहे. तिलाही हो. बाकी नाही, नाही आणि नाही. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला असे ठामपणे नाही म्हणण्यात एक सुख असते, हे कबूल करतो.

बांधणी त्या यंत्रावरच सुरू केली. रात्र सरली तरी ती संपेना, आणि पहाटे चारला वीज गेली. मग ते काम लॅपटॉपवर घेतले. एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी कर्नल बांधण्याची सोय असते. चहा होईपर्यंत तो तयार झाला. तारेवरून पलीकडे पाठवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

चार-पाच ओळी आल्या आणि सारे थिजले. मूळ डिस्क उघडता येत नाही, असे सांगून कर्नलने हात टेकले. चूक माझीच होती. डिस्कवरील रचना वाचण्याची विद्या मी 'लागेल तेव्हा' या खात्यात टाकली होती, म्हणजे ती डिस्कवरच ठेवली होती. सुरुवातीची जी शिदोरी अशा वेळी सोबत देतात, तीही जागा वाचवण्यासाठी मी वगळली होती. घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावे, तसा प्रकार. दार उघडायला जे लागते, ते गाभ्यातच असावे लागते.

दुसऱ्या खेपेस मी हुशारी केली. कर्नलच्या सामग्रीत एक सोय आहे. चालू यंत्र या क्षणी कोणकोणते भाग वापरत आहे, त्याची यादी करायची आणि 'लागेल तेव्हा'च्या खात्यातून तेवढेच ठेवून बाकीचे छाटायचे. शेकडो प्रश्न आपोआप सुटतात. तसे केले. कर्नल देखणा उतरला. यंत्र झटकन उठले. वहिनींनी गुळाचा चहा केला. मी दादाची डिस्क सीडीच्या जागी जोडली आणि ती उघडण्याची आज्ञा दिली.

उत्तर आले, ही रचना मला ठाऊक नाही.

क्षणभर काहीच सुचेना. मग लक्षात आले. सोलारिस आपल्या डिस्कवर यूएफएस नावाच्या रचनेने लिहिते. ती रचना वाचण्याची सोय तयार कर्नलात होती. परंतु मी यादी केली तेव्हा दादाची डिस्क टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. जोडलेली नव्हती. यंत्राला विचारले, "आत्ता काय वापरात आहे?" त्याने प्रामाणिकपणे सांगितले. दादाचे त्यात काहीच नव्हते. म्हणून ते छाटले गेले. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, नेमके तेच मी 'वापरात नाही' म्हणून काढून टाकले होते.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. पुतण्यावर मनातल्या मनात मी रागावलो होतो, की हा मुलगा जे आज चालत नाही ते भंगारात काढतो. आणि मी? माझी रीत काय वेगळी होती? छाटणे वाईट नव्हे. जुन्या यंत्राला सारे काही पेलवत नाही, घरालाही पेलवत नाही. परंतु छाटणीच्या दिवशी जो माणूस समोर बसलेला नाही, त्याचे काय, हा प्रश्न कोणतीही यादी आपणहून विचारत नाही. तो आपणच विचारावा लागतो.

सकाळी पुन्हा निळा पडदा उघडला. यूएफएस, हो. लगेच त्याखाली दुसरा प्रश्न होता. या रचनेवर लिहिण्याचीही मुभा हवी का? आणि तेथेच इशारा, की हे धोक्याचे आहे. येथे मी शांतपणे 'नाही' म्हटले. दादाचे वाचता यावे, एवढेच मला हवे होते. त्यात फेरफार करण्याचा अधिकार मला नको होता.

या वेळी डिस्क उघडली. नोंदींची फाइल साधीच होती, मराठी मजकूर रोमन अक्षरांत. त्या यंत्रावर नागरीची सोय दादाने केलेली नव्हती. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराणदेखील १६१६ साली रायतूरला रोमन लिपीतच छापले गेले होते, हे आठवून हसू आले. हाती जे खिळे असतील त्यांनी काम भागवायचे, ही रीत जुनीच आहे.

पुतण्या शेजारी बसून वाचत होता. १९७३ ते २०१२ या चाळीस वर्षांत मे महिन्यात विहीर पूर्ण आटल्याच्या नोंदी पाच. २०१३ मध्ये दादाने विहिरीपासून थोड्या अंतरावर बोअर घेतला. त्यानंतर जवळजवळ दर मे महिन्यात एकच शब्द, कोरडी. २०१४ आणि २०१५ ही अवर्षणाची वर्षे समजू. पण २०१६ ला पाऊस चांगला झाला होता, तरी २०१७ च्या मे मध्ये विहीर कोरडीच. आपल्याकडील काळ्या कातळात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. खोल बोअर त्याच भेगा ओढतो. २०१७ च्या नोंदीपुढे दादाने लिहिले होते, "बोअर आपणच घेतला. विहिरीचा दोष नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुतण्याने विचारले, "काका, बाबांनी हे मला का सांगितले नाही?" मी काय सांगणार? यंत्राला रोज त्याचे नाव सांगणारा माणूस मुलाला आपली चूक सांगू शकला नाही. लिहून मात्र ठेवली.

पुतण्याने उसाचा नाद सोडला असे नाही. कर्जाचा अर्ज मात्र त्याने त्या वर्षापुरता मागे घेतला. नोंदींच्या चार प्रती आम्ही चार ठिकाणी ठेवल्या. यंत्र खोलीतच राहिले. वहिनींनी त्यावर विणलेले आच्छादन घातले आहे, आणि सुरू करायच्या ओळींची वही त्याच्याच खाली ठेवली आहे.

मी निघालो त्या दिवशी पहिली तारीख होती. स्थानकावर सोडायला पुतण्या थोडा उशिरा आला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. माळ्यावर सापडलेला गाठींचा दोर मोटारसायकलच्या हँडलला लटकत होता. "सात हात," तो म्हणाला.