पिवळ्या दिव्यावरची पट्टी

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी फार वाजते म्हणून तिच्या तोंडात कुणी चिंधीचा बोळा कोंबेल का? तुम्ही म्हणाल, काय वेडगळ प्रश्न विचारते ही बाई! पण थेट असलाच उद्योग आमच्या धाकट्या चिरंजीवांनी केला होता, आणि तो मला रविवारी गाडी पुसताना सापडला.

आम्ही चिपळूणचे. धाकटा लोट्याला कारखान्यात कामाला आहे. रात्रपाळी असली की पहाटे परशुराम घाट उतरून मोटारसायकलने घरी येतो. पावसाळ्यातला तो घाट, चिखल आणि पुढेमागे ट्रक! फाटकाची कडी वाजेपर्यंत माझा काही डोळा लागत नाही.

तर त्या रविवारी गाडीच्या मीटरवर मला काळी चिकटपट्टी दिसली. नखाने उचलली, तर खाली 'एबीएस' अशी अक्षरे असलेला दिवा.

“अरे, हे काय?”

“आई, तो दिवा उगाच पेटतो. रात्री डोळ्यांत येतो. ब्रेक लागतोय ना व्यवस्थित! गॅरेजवाला म्हणाला, युनिटच गेलंय, पाच आकडी खर्च आहे. दिवाळीचा बोनस मिळाला की बघू.”

मी आवाज चढवला नाही. पट्टी ओढून काढली आणि म्हटले, “मग दिवाळीपर्यंत घाटात गाडी न्यायची नाही. बसने जायचं.”

आता नाइलाज झाला! कपाटातून गाडीसोबत आलेली पुस्तिका शोधून काढली. कोरी करकरीत, कुणी उघडलीसुद्धा नव्हती. मी चष्मा लावून वाचत गेले आणि तो करत गेला.

आधी ही भानगड काय आहे ते सांगते. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जागच्या जागी अडकते आणि गाडी घसरते. एबीएस हे होऊ देत नाही. चाकाजवळ खाचा असलेली एक कडी फिरत असते आणि तिच्याशेजारी एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. चाक अडकू लागले की तो खबर देतो, आणि ब्रेकचा दाब एका सेकंदात अनेक वेळा कमीजास्त होतो. 125 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे ही सोय सक्तीची झाली. आमची गाडी 150 सीसीची, त्यामुळे तिला ती होतीच.

दिवा पेटलेला राहिला म्हणजे ही सोय बंद पडली. साधा ब्रेक लागतो, म्हणून मुलांना वाटते सगळे ठीक आहे! पण नेमके घाटात, नेमके पावसात, नेमके कुत्रे आडवे आले की हात रिकामे.

एक मात्र लक्षात ठेवा. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागणे हे बरोबरच आहे. गाडी थोडा वेग धरते, साधारण ताशी पाच-दहा किलोमीटर, की तो विझायला हवा. शिवाय गाडी मधल्या स्टँडवर चढवून मागचे चाक इंजिनावर फिरवले, तरी काही गाड्यांत तो पेटतो, कारण एक चाक फिरते आणि दुसरे उभे असते. तो बिघाड नव्हे.

आमचा मात्र विझत नव्हता. मग आपण मिक्सर बंद पडला की आधी प्लग बघतो, तसे सोप्याकडून अवघडाकडे गेलो.

पहिली बॅटरी. शेजारच्या काकांकडून मल्टिमीटर आणला. गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट दाखवले, म्हणजे ठीक. बाराच्या खाली असते तर आधी तीच चार्ज केली असती. इंजिन चालू केल्यावर आकडा 14 च्या आसपास गेला, म्हणजे चार्जिंगही होत होते. बॅटरीचे स्क्रू घट्ट होते.

दुसरा फ्यूज. आमच्या गाडीत तो सीटखाली आहे. काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. जळला असता तर त्याच अँपिअरचा नवा घालायचा. तारेचा तुकडा किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज घालाल तर वायरिंग पेटेल, बरं का!

तिसरा सेन्सर. पुढच्या चाकाशी चिखलाचा थर बसला होता. मऊ ब्रशने आणि ओल्या फडक्याने तो काढला. कडी वाकलेली नव्हती. चकतीला तेलाचा किंवा रॉकेलचा थेंब लागू दिला नाही, नाहीतर असलेला ब्रेकही जायचा. तरी दिवा तसाच!

तेव्हा मी विचारले, “हा दिवा लागला कधीपासून?”

तो थबकला. “पंक्चर काढलं ना, त्यानंतर.”

मग सेन्सरची वायर बोटाने वरपर्यंत चाचपत गेलो. चाक काढून बसवताना तिची क्लिप लावायची राहिली होती. वायर लोंबत होती आणि ओढ बसून वरची जोडणी अर्धवट सुटली होती. आत पाणी, आणि पितळेवर चढतो तसा हिरवा थर. किल्ली बंद करून, बॅटरीची ऋण वायर काढून, जोडणी कोरडी केली. विजेच्या जोडण्यांसाठी मिळणारा क्लीनर मारला, ती कट्ट आवाज येईपर्यंत दाबली आणि वायर मूळ जागी क्लिपमध्ये बसवली.

गल्लीच्या टोकापर्यंत तो हळू चालवत गेला आणि तिथूनच ओरडला, “आई, विझला!”

तरीही सोमवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून तपासून घेतले. युनिट धडधाकट होते!

पण मैत्रिणींनो, घरचे काम इथवरच. ब्रेकचे तेल, त्याच्या नळ्या आणि एबीएसचे युनिट यांना हात लावायचा नाही. नवा फ्यूज पुन्हा जळला किंवा दिवा परत पेटला, तर सरळ जाणकाराकडे. आणि ब्रेक दाबताना मऊ लागला किंवा तेल गळताना दिसले, तर गाडी चालवायचीच नाही.

आज संध्याकाळी घरची गाडी दारात लागली की किल्ली मागून घ्या आणि मीटरकडे एकदा बघा. कुठे पट्टी चिकटवलेली तर नाही ना? आमच्याकडे होती, आणि महिनाभर तो तसाच घाट उतरत होता. मी मात्र फाटकाची कडी वाजली की निर्धास्त होऊन झोपत होते!