गोळी खांद्याला की पायाला?

डॉक्टर वॉटसनला लागलेल्या गोळीनं माझी पुष्कळ वर्षं सोय केली. १८८७ साली आलेल्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत ही गोळी त्याच्या खांद्यात शिरते. मैवंदच्या लढाईत, अफगाणिस्तानात. हाड फुटतं, हासळीखालच्या रोहिणीला गोळी चाटून जाते. मग १८९० साली दुसरी कादंबरी येते आणि तिच्यात हाच वॉटसन दुखरा पाय जपत बसलेला असतो; गोळी म्हणे पायाला लागली होती. आणि हे लिहिणारा कोण, तर आर्थर कॉनन डॉईल. एडिंबरोला शिकलेला, पाटी लावून दवाखाना चालवलेला डॉक्टर.

मी रहस्यकथा लिहितो, मुख्यतः दिवाळी अंकांसाठी. मध्ये काही काळ मालिकांचे संवादही लिहिले. कुणी ओळखीचे डॉक्टर भेटले आणि “अहो, एवढा मार बसल्यावर माणूस असा उठून धावत नाही हो,” असं म्हणाले, की मी वॉटसनला पुढे करायचो. जिथं डॉक्टरनं स्वतःच गोळी इकडची तिकडं केली आणि सव्वाशे वर्षांत जगाचं काही अडलं नाही, तिथं माझ्या इन्स्पेक्टरच्या बरगडीचं काय घेऊन बसलात? वाचकाला माणसाची काळजी वाटली की जखमेचं काम झालं, असं माझं मत होतं आणि ते मी चारचौघांत ठासून मांडत असे.

त्या मतावर माझं दुकान नीट चालत होतं. डोक्यात मागून दणका, माणूस खाली. चार तासांनी गोदामात खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत जागा, आणि जागा होताच खलनायकाला टोमणे मारायला तयार. गोळी लागायची ती खांद्यालाच, कारण खांदा म्हणजे जणू मोकळं मैदान. मग कंदिलाच्या उजेडात ती गोळी चिमट्यानं निघणार, ट्रेमध्ये टण्ण वाजणार आणि डॉक्टर घाम पुसत म्हणणार, “आता धोका टळला.” मालिकेत तर त्याहून सोपं. कपाळाभोवती पांढरी पट्टी, पट्टीच्या मधोमध लाल ठिपका. अपघात ट्रकचा असो की जिन्यावरून पडण्याचा, ठिपका तोच.

यातलं जवळपास सगळं खोटं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. डोक्याला मार लागून शुद्ध जाते ती बहुतेक वेळा काही सेकंद, फार तर काही मिनिटं. चार तास शुद्ध नसेल तर तो माणूस गोदामात नव्हे, अतिदक्षता विभागात असायला हवा. शुद्धीवर आलेला माणूस टोमणे मारत नाही, ओकतो. “मी इथं कसा आलो?” असं विचारतो, उत्तर ऐकतो आणि दोन मिनिटांनी तेच पुन्हा विचारतो. स्वतःचं नाव सहसा विसरत नाही. विसरतो तो अपघात आणि त्याच्या आगचामागचा थोडा वेळ. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसांचा जुडगा जातो, त्यामुळे तिथली गोळी हात कायमचा लुळा करू शकते, जीवही घेऊ शकते. आणि आत राहिलेली गोळी डॉक्टर बरेचदा काढतच नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना २ जुलै १८८१ ला गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि हत्यारं घालघालून ती शोधली, टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं धातू शोधायचं यंत्र आणलं, तरी ती सापडली नाही. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. गोळी अशा जागी होती की तिला हात लावला नसता तर ते वाचले असते, असं आज बरेच जाणकार मानतात.

पण खोटं आहे हे माहीत असणं आणि त्यानं आपलं काही बिघडतं असं वाटणं, यांत अंतर असतं. ते अंतर माझ्या बाबतीत मिटलं ते कोर्टाच्या कागदांमुळे. एका कथेसाठी मला खटल्याची भाषा हवी होती, म्हणून एका वकील मित्राच्या ऑफिसात बसून जुनी प्रकरणं चाळत होतो. फिर्याद, पंचनामा, जबाब, आणि त्यांच्यात टाचलेलं इंज्युरी सर्टिफिकेट. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं रात्रपाळीत भरलेला एक पानी फॉर्म. जखम कुठं, लांबी-रुंदी-खोली किती, कडा कशा, किती वेळापूर्वीची, कशानं झाली असावी. विशेषण एकही नाही. ‘रक्तबंबाळ’ नाही की ‘जीवघेणी’ नाही.

त्या कागदांबद्दल वकील जे सांगत गेला त्यानं मी खुर्चीत सरसावून बसलो. डोक्यावर लाठी बसली की कातडी खालच्या कवटीवर आपटून फाटते, आणि फाटते अशी सरळ की वरवर पाहणाऱ्याला चाकूनं कापल्यासारखी दिसते. बारकाईनं पाहिलं तर कडा किंचित चेचलेल्या असतात, केस कापलेले नसून चिरडलेले असतात, जखमेच्या आत न तुटलेले बारीक धागे राहिलेले असतात. घाईतल्या डॉक्टरनं तिथं ‘धारदार शस्त्र’ लिहिलं आणि फिर्यादीत लाठी असली, की उलटतपासणीत बचावाचा वकील फिर्यादीला खोटं ठरवायला मोकळा. मारणारा सुटतो. कडा पाहायला भिंग न घेतल्यामुळे सुटतो! मी इतकी वर्षं गुप्त दरवाजे आणि जुळे भाऊ शोधत होतो.

दुसरी गोष्ट वणाची. मुका मार आधी लालसर-निळा असतो, मग हिरवट आणि पिवळा होत जातो. रंगावरून नेमका दिवस सांगणं तज्ज्ञांनाही जमत नाही. पण पिवळी झाक आलेला वण आज सकाळचा नाही, एवढं ठाम सांगता येतं. “आज सकाळी न्हाणीघरात पाय घसरला,” असं सासूच्या देखत सांगणारी सून आणि तिच्या दंडावरचा पिवळा डाग पाहून काही न बोलता सासूला बाहेर बसायला सांगणारी नर्स. एवढ्यात अख्खी कथा आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि माझं मत फिरलं ते खरं तिनं. साधी दुखापत आणि जबर दुखापत यांत कायदा फरक करतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जबर दुखापतीचे आठ प्रकार होते. त्यांत रक्ताचा उल्लेख नाही, टाक्यांच्या संख्येचा नाही. हाड मोडणं आहे. दात मोडणंही आहे. म्हणजे दंडावर वीतभर चीर पडून सदरा भिजला तरी ती साधी दुखापत असू शकते, आणि एका ठोशात दात पडला तर जबर. शेवटच्या प्रकारात असं आहे, की माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा त्याला आपले नेहमीचे व्यवहार करता येत नसतील, तर ती जबर दुखापत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं हे वीस दिवस पंधरावर आणले. नेहमीचे व्यवहार! मी जखमेच्या वर्णनात रक्त, घाम, विव्हळणं सगळं घातलं होतं. माझ्या पात्राचे नेहमीचे व्यवहार काय आहेत आणि त्यातलं कोणतं आता बंद पडणार, हे कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

हे डोक्यात घोळत असतानाच आत्याचा उजवा हात मोडला. देवघरासमोरच्या ओल्या फरशीवर पाय सरकला, तोल सावरायला तिनं हात पुढे टाकला, मनगट गेलं. या वयाच्या बायकांत हे नेहमीचंच, असं हाडवैद्य म्हणाले. सहा आठवडे प्लॅस्टर. आत्या आमच्याकडे राहायला आली आणि मी, लेखक म्हणून जरा निर्लज्जपणे, पाहत राहिलो. दुखण्याबद्दल ती पहिल्या दोन दिवसांनंतर फारसं बोललीच नाही. ती बोलायची परकराच्या नाडीबद्दल. एका हातानं गाठ मारता येत नाही आणि साठी उलटलेल्या बाईला रोज सुनेकडे नाडी बांधून मागायची वेळ येते, ही तिची जखम होती. वेणी दुसऱ्याच्या हातची, त्यामुळे कधी सैल, कधी कानाशी ओढलेली. कणिक तिंबायला नाही, म्हणून पोळ्या कशा झाल्यात यावर ती रोज एक शेरा मारी. जेवताना डाव्या हातात चमचा. पहिल्या दिवशी तो तिनं दोनदा खाली ठेवला; डाव्या हातानं अन्नाला शिवायचं तिच्या जिवावर येत होतं. प्रसाद तर तिनं डाव्या हातावर घेतलाच नाही. “अरे, तूच भरव,” म्हणाली आणि लहान मुलासारखं तोंड उघडलं. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की कंगव्याचा दांडा घालायची, डॉक्टरांनी बजावलं होतं तरी.

आणि प्लॅस्टर निघालं तेव्हा मला वाटलं, संपलं. माझ्या कथांत तिथंच संपायचं. निघालेला हात बारीक, कोंडा धरलेला, आणि मनगट वळायला तयार नाही. कागद उचलता येई, पण तळहात उताणा होत नव्हता. देवळात गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली आणि आत्याचा हात अर्ध्यावर, तिरका, तसाच अडला. तीर्थ मनगटावरून कोपराकडे गेलं. “फिजिओथेरपी नीट करा आता,” गुरुजी म्हणाले. त्यांच्याही घरी कुणाचा तरी हात मोडून गेला असावा.

तेव्हापासून मी जखमेपासून सुरुवात करत नाही. आधी त्या माणसाचा दिवस लिहून काढतो. रिक्षावाला असेल तर उजवं मनगट म्हणजे ॲक्सिलरेटर. मोगऱ्याचे गजरे करणारी असेल तर एक बोट पुरे.

गावाकडच्या कथेतला साप मी असाच दुरुस्त केला. आमच्या साहित्यात साप चावला की कुणीतरी धोतर फाडून आवळून बांधतो, ब्लेडनं चीर देतो, तोंडानं विष ओढून थुंकतो. तिन्ही गोष्टी करू नयेत, आणि वाईट म्हणजे तिन्ही बघायला फार छान दिसतात. ही नाट्यमयता सोडायची तर हाती काय उरतं, अशी मला धास्ती होती. उरते ती काचेची नळी. घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला ग्रामीण रुग्णालयात रोग्याचं दोन मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि ती नळी वीस मिनिटं हलवत नाहीत. मग एकदाच तिरकी करतात. रक्त थिजलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर सर्पविषावरच्या लशीच्या कुप्या फोडायच्या. बाहेर गाव जमलेलं, भाऊ नर्सला हात जोडतोय, कुणीतरी मांत्रिकाला आणायला गेलाय, आणि टेबलावर ती नळी. तिला धक्का लागू नये म्हणून शिपाई पंखासुद्धा बंद करतो. (पंख्याचं माझं. तेवढी सवलत मी अजून घेतो.) मण्यार असेल तर आणखी वेगळं. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, काल उशिरा जेवला म्हणून असेल.

ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतानाही आता हाच चाळा लागलाय. महादजी शिंदे १७६१ साली पाणिपतावरून निघाले ते पायावर घाव घेऊन. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना बैलावर घालून वाचवलं आणि पाय कायमचा अधू झाला, ही हकिकत सर्वांना माहीत. पुढं ते आणखी ३३ वर्षं जगले, उत्तरेचं राजकारण चालवलं. १७९२ साली ते पुण्याला आले तेव्हा पेशव्यांच्या भेटीला जाताना लांबच हत्तीवरून उतरले, सगळ्या मानकऱ्यांच्या खाली उभे राहिले आणि बगलेतून गाठोडं काढून नवे जोडे पेशव्यांच्या पायांशी ठेवले, असा प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांत येतो. त्यावर विनय की डावपेच, अशी चर्चा पुष्कळ वाचली. मला हवा आहे तो अधू पाय. हत्तीवरून उतरताना कुणी हात दिला का? खाली वाकताना भार कोणत्या पायावर टाकला? तेवढं जमलं तर विनय की डावपेच याचं उत्तरही तिथंच मिळेल, अशी माझी समजूत आहे.

मात्र हा नियम मी पोवाड्याला लावत नाही. पुरंदरावर मुरारबाजीचं शिर तुटल्यावरही धड लढत राहिलं, असं लोक सांगतात. तिथं किती रक्त गेलं आणि माणूस किती वेळ उभा राहू शकतो, हे विचारणारा माणूस मला घरी नको. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामाही तसाच. आणि दुसऱ्या टोकाचे लेखकही मला सोसवत नाहीत. हल्ली एखादी आजी मेंदूतल्या रक्तस्रावाचं लॅटिन नाव घेऊन रडते. आपल्याकडे माणूस “आत रॉड टाकलाय” म्हणतो, एक्स-रेचं मोठं पाकीट कपाटावर ठेवतो आणि तो रॉड काढायचा की राहू द्यायचा यावर घरात दोन तट पडतात. लिहायचं तर ते.

सध्या एक कथा अडली आहे. नायकाच्या मांडीचं हाड मी दुसऱ्या प्रकरणात मोडून बसलो, आणि लग्न चौथ्या आठवड्यात. लग्नानंतर जोडपं जेजुरीला जाणार, म्हणजे बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढणं आलं. आत रॉड घातलेला असला तरी चौथ्या आठवड्यात हा वॉकर धरून पायरीशी उभा राहील, एवढंच. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, पायाऐवजी हात मोडा. हातानंच उचलायचं असतं, मी म्हणालो. मग लग्न पुढं ढकला. हॉल बुक आहे, मी म्हणालो. ते खरंच तसं पहिल्या पानावर आहे. शेवटी दातावर आलो आहोत. पुढचा एक दात. कायद्यानं जबर दुखापत, आणि बायको उचलायला आड येत नाही. फक्त फोटोत हसायचं कसं, ते नायकानं ठरवायचं आहे.